टॅब अडकला की लगेच रीस्टार्ट मारू नका

आमचा क्लासरूम बॉक्स (वर्गातल्या सगळ्या टॅबवर वायफायने एकदम धडा पाठवणारा डबा) घेतलेल्या जवळपास सगळ्या क्लासवाल्यांचा एकदा तरी फोन येतोच, की सर, सिग्नलच्या दांड्या फुल आहेत, पॅकेट (म्हणजे धड्याचे छोटे तुकडे) येतायत, त्यांचा काउंटर पळतोय, पण टॅबवर पान काही उघडत नाही. आणि विचारलं तर कळतं की फोन लावायच्या आधीच कोणीतरी टॅब बंद करून चालू केलाय. घोळ तिथेच होतो.

वायफायवर सगळ्यांना मिळून पाठवलेल्या पॅकेटची पोच वायफाय घेत नाही, पडलं ते पडलं. 60 टॅबच्या वर्गात खिडकीजवळच्याचं एक पॅकेट हुकतं तर खांबामागच्याचं दुसरंच. साधा बॉक्स प्रत्येक हुकलेलं पॅकेट परत परत सगळ्यांना पाठवत बसतो, आमचा बॉक्स दोन पॅकेट एकत्र करून एकदाच सोडतो. समजा प्रत्येक पॅकेट म्हणजे एक आकडा, एकाकडे 7 आहे आणि त्याला 5 हवाय, दुसऱ्याकडे 5 आहे आणि त्याला 7 हवाय, तर बॉक्स सरळ 12 पाठवतो, ज्याने त्याने आपलं वजा करायचं, एका खेपेत दोघं मोकळे. (आत बेरजेऐवजी बिटांचं एक्सॉर असतं, म्हणजे दोन बिट सारखे तर 0, वेगळे तर 1, हिशोब तसाच.) ह्याला नेटवर्क कोडिंग म्हणतात, कल्पना आमची नाही, आल्सवेडे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा 2000 सालचा पेपर आहे त्यावर.

आता गोम अशी की कोणाकडे काय आहे ह्याची वही बॉक्सकडे असते, टॅब थोड्या थोड्या वेळाने आमच्या ॲपमधून पोच देतो त्यावरून ती भरते. तुम्ही रीस्टार्ट मारलात की टॅब कोरा, पण वहीत अजून "ह्याच्याकडे 7 आहे" असंच लिहिलेलं! बॉक्स बिचारा 12 पाठवतो, टॅबकडे ना 7 ना 5, तो 12 घेऊन करणार काय? मग अजून वेळ जातो, म्हणून सर अजून चार टॅब रीस्टार्ट करतात, आणि दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं.

म्हणून आधी अर्धा मिनिट थांबा, ज्याची जास्त पॅकेटं हुकलीत त्याचा नंबर जरा उशिरा लागतो. तरी नाही उघडलं तर ॲपमधलं "पुन्हा जोडा" दाबा, म्हणजे वहीतलं त्या टॅबचं पान कोरं होतं. टॅब पार हँगच झाला आणि रीस्टार्टशिवाय इलाज नसेल तर चालू झाल्यावर पहिलं तेच बटन. आणि बॅटरी वाचवायला पोच बंद करून ठेवू नका, प्लीज.

काही जण विचारतात की सगळीच पॅकेटं मिसळून का नाही पाठवत, वहीची भानगडच नको. पाठवतो की, रात्रीच्या मोठ्या फाईली तशाच जातात, 32 पॅकेटांची मिसळ करून. पण त्यात जवळपास 32 मिश्रणं गोळा होईपर्यंत सहसा पहिलं पानसुद्धा सुटत नाही, लाईव्ह तासाला पोरं तेवढी गप्प बसतील का?

नवीन व्हर्जनमध्ये टॅब चालू होताच "पुन्हा जोडा" आपोआप जातं, एएमसी (वार्षिक देखभाल करार) वाल्यांना ते फुकट टाकून देतो. एएमसी नसेल आणि तक्रार रीस्टार्टचीच निघाली तर व्हिजिट चार्ज लागतो, त्यावरून कृपया वाद नको, माणूस दिवसभर अडकतो. त्यापेक्षा आधी टॅबच्या मागचा स्टिकर नंबर आणि काउंटरच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपला टाका, बहुतेक वेळा फोनवरच निपटतं.