श्वानक्रौर्य आणि श्वानकल्याण

कुत्र्याला विनाकारण इजा करणे, त्याचे हाल करणे किंवा जगायला लागणाऱ्या गोष्टी त्याला न देणे म्हणजे श्वानक्रौर्य. हे हाल थांबवून कुत्र्याला नीट जगता यावे यासाठी कायदा, पशुवैद्य आणि स्वयंसेवक जे काम करतात, ते श्वानकल्याण. काठी, दगड, उकळते पाणी, विष हे क्रौर्य कोणालाही ओळखता येते. हेळसांड मात्र वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असूनही नजरेतून सुटते.

गळ्यात रुतलेला पट्टा हे तिचे नेहमीचे उदाहरण. पिल्लाच्या गळ्यात बांधलेला पट्टा ते वाढत असताना कोणी सैलच करत नाही. तो हळूहळू कातडीत शिरतो आणि केसांमुळे झाकला जातो. आधी येते ती दुर्गंधी. पशुवैद्य मानेवरचे केस भादरतो तेव्हा गळ्याभोवती ओली, लाल खाच दिसते. कधी कातडी पट्ट्यावरून वाढलेली असते, मग भूल देऊन तो कापून काढावा लागतो. अशा कुत्र्यावर कोणी हात उगारलेला असेलच असे नाही, त्याला रोज भाकरतुकडाही मिळत असेल. आखूड साखळी, अंगावरच्या जटा, वाढून तळव्यात घुसलेली नखे यांचीही हीच गोष्ट. बंद मोटारीत कुत्रा सोडून जाणे तर सरळ जिवावर बेतते. बाहेर 24 अंश सेल्सिअस असले तरी उन्हात उभ्या मोटारीत अर्ध्या तासात पारा 40 च्या वर जातो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो जेवढा थंड होईल तेवढाच.

कायद्याची नजरही आधी उगारलेल्या हातावरच होती. ब्रिटनमध्ये रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने 1822 मध्ये झालेल्या कायद्याने घोडे, गुरे, मेंढ्या यांना संरक्षण दिले. कुत्री त्यात नव्हती. 1824 मध्ये लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली आणि 1835 च्या कायद्याने कुत्र्यांना संरक्षण मिळून त्यांच्या झुंजींवर बंदी आली. बेवारस कुत्र्यांसाठी मेरी टील्बी यांनी 1860 मध्ये लंडनमध्ये आश्रयगृह काढले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची टर उडवली. ते आजही बॅटरसी येथे चालू आहे.

न मारताही केवढा संहार होऊ शकतो, हे 1910 मध्ये इस्तंबूलने दाखवले. तिथल्या रस्त्यांवरची हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडण्यात आली. तिथे अन्न नव्हते, गोडे पाणी नव्हते. ती तहानभुकेने मेली.

विचार बदलला तो गोठ्यांमुळे. बंदिस्त पशुपालनाची पाहणी करणाऱ्या ब्रँबेल समितीने 1965 मध्ये म्हटले की, जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. त्यातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली : भूक-तहान, गैरसोय, दुखणे-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, शिवाय आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. हाच मापदंड आज कुत्र्यांनाही लावतात. ब्रिटनच्या 2006 च्या प्राणीकल्याण कायद्याने या गरजा भागवणे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरवले. त्यामुळे हाल होण्याची वाट न पाहता आधीच हस्तक्षेप करता येतो. प्रस्तुत विषयात याहून मोलाचा बदल दुसरा नाही.

भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे क्रौर्य भीतीतून घडते, आणि ती भीती खोटी नाही. माणसाला होणारा रेबीज जवळपास नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. पण सरसकट ठार मारल्याने तो आटोक्यात येत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत नवी, लस न टोचलेली कुत्री येतात, आणि लस टोचलेलीही मारली जातात. जागतिक आरोग्य संघटना सुमारे 70 टक्के कुत्र्यांच्या लसीकरणाचे लक्ष्य सांगते. जोडीला निर्बीजीकरण लागतेच, कारण कुत्री जेमतेम 63 दिवसांत विते. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात, म्हणजे तो पुन्हा पकडला जात नाही.

क्रौर्य दिसल्यास वेळ, ठिकाण आणि छायाचित्र यांसह तक्रार करावी, जखमा धुण्याआधी पशुवैद्याकडून त्यांची नोंद करून घ्यावी. रागाच्या भरात कुत्रा उचलून आणला तर पुरावा जातो आणि खटला ढिला पडतो.

सुटकेनंतरचे काम फार सावकाश चालते. मार खाल्लेला कुत्रा झाडूचा आवाज आला तरी कोपऱ्यात दबून बसतो. त्याच्याकडे टक लावून पाहू नये, वरून हात नेऊ नये. अंग तिरपे करून जमिनीवर बसावे. काही कुत्री पहिले अनेक दिवस माणसादेखत खात नाहीत. त्यांच्यासमोर ताटली ठेवायची आणि पाठ फिरवून, न बोलता, ताटली चाटल्याचा आवाज येईपर्यंत बसून राहायचे.