बादली, वही आणि पेन्सिल: जिओकॅशिंग आलं कुठून?

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ. जीपीएस ही उपग्रहांच्या संदेशांवरून जागा सांगणारी यंत्रणा. अमेरिकी लष्कराने ती उभारली ती जहाजं, विमानं आणि क्षेपणास्त्रांसाठी. सामान्य माणसाला तिचे संदेश मिळायचे, पण मुद्दाम बिघडवलेले. हातातलं यंत्र एक जागा दाखवी आणि खरी जागा तिथून १०० मीटरपर्यंत कुठेही असे. बोटीवरच्या माणसाला तेवढ्यावर भागवता यायचं. झाडाच्या बुंध्यात लपवलेला डबा शोधायचा तर अख्खं रान पालथं घालावं लागलं असतं.

१ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक बंद करत असल्याचं जाहीर केलं. वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र झाली, म्हणजे आपल्याकडे २ मेच्या सकाळचे साडेनऊ, आणि जगभरातली यंत्रं जवळपास दहापट अचूक झाली. कुणाला नवं काही विकत घ्यावं लागलं नाही. काल मैदानाकडे बोट दाखवणारं यंत्र आज मैदानातल्या झाडाकडे दाखवू लागलं.

ही अचूकता खरंच किती आहे, ते डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराला पाहायचं होतं. ३ मेला त्याने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ, रस्त्याच्या कडेच्या झाडीत, एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. बादलीत काही पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. शिवाय एक वही आणि एक पेन्सिल. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. नियम साधा होता: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. त्यातला पहिला, शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातला माइक टीग, पुढे अशा जागांची यादी ठेवू लागला.

सुरुवातीला याला ‘स्टॅश’ शोधणं म्हणत. त्या शब्दाला अमली पदार्थांच्या चोरट्या साठ्याचा वास येतो. म्हणून मे संपता संपता मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला. यातल्या कॅशचा रोख पैशाशी संबंध नाही. हा कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी सिएटलहून या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा नोंदवलेले डबे होते ७५. आज जगभरात ते ३० लाखांवर आहेत.

तरी या खेळाचा जन्म फक्त उपग्रहात शोधणं मला पुरेसं वाटत नाही. अल्मरच्या बादलीतली वही त्याहून फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल नावाची एक आडबाजूची दलदलीची जागा आहे. जेम्स पेरट नावाचा चॅगफर्ड गावचा वाटाड्या लोकांना तिथे पायी घेऊन जाई. १८५४ मध्ये त्याने तिथे दगडांच्या राशीत एक बाटली ठेवली. एवढी चाल करून आलेला माणूस तीत आपलं नावाचं कार्ड टाकून जाई. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले. नंतर येणारा ती नेऊन टपालात टाकी. त्यावरून या छंदाला ‘लेटरबॉक्सिंग’ नाव पडलं. ‘मी इथवर आलो होतो’ हे अनोळखी माणसाला कळवण्याची ती हौस, आणि जिओकॅशिंगचा जीव मला तिच्यातच दिसतो.

घरच्या सगळ्यांनी मिळून खेळायला हा छंद का जमतो, याचंही उत्तर यंत्राच्या मर्यादेत आहे. यंत्र तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत आणून सोडतं. पुढचं काम डोळ्यांचं. मुळांच्या बेचक्यात, दगडाच्या कपारीत, बाकाच्या खालच्या बाजूला काय आहे ते मोठ्यांना वाकून पाहावं लागतं. सहा वर्षांच्या मुलीला ते उभ्याउभ्या दिसतं. प्रत्येक डब्याला शोधण्याच्या अवघडपणासाठी आणि वाटेच्या खडतरपणासाठी एक ते पाच तारे असतात. वाटेला एकच तारा असेल तर व्हीलचेअरही तिथवर जाते, म्हणजे आजीही बरोबर येऊ शकते.

नियम मात्र अनुभवातून घट्ट होत गेले. आता जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणून डबा पुरायला बंदी आहे आणि त्यात खाद्यपदार्थ ठेवायलाही, म्हणजे पहिली बादली आज नियमात बसली नसती. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. २००२ पासून शोधाबरोबर वाटेतला कचरा उचलून आणण्याचे उपक्रमही होतात. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असा एक डबा बॉम्ब समजून स्फोटाने उडवला गेला. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना ऐकतच आपण लोकलमधून प्रवास करत आलो आहोत. आपल्या शहरांत असा डबा ठेवताना जागेच्या मालकाची परवानगी आणि डब्यावर ठळक अक्षरात ओळख हवीच, असं मला मनापासून वाटतं.

शहरांतले डबे आता फार लहान झालेत. कॅमेऱ्याच्या फिल्मची जुनी डबी घ्या: काळी, करड्या झाकणाची, अंगठ्याएवढी. झाकण टक् करून उघडलं की आत कागदाची घट्ट गुंडाळलेली पट्टी, तिच्यावर तारखा आणि नावं. खाऊ नाही, खेळणं नाही. पेन्सिलही त्यात मावत नाही, ती आपली आपणच न्यायची.