मद्यमुक्ती आधारगटाची मीटिंग

दारू सोडू पाहणारे आणि सोडलेले लोक ठरलेल्या वेळी एकत्र बसून एकमेकांचे अनुभव ऐकतात, ती ही मीटिंग. इथे तपासणारा आणि तपासला जाणारा असा भेद नसतो. कालपर्यंत पिणारा आणि वीस वर्षे न प्यायलेला शेजारी-शेजारी बसतात. सर्वांत मोठे जाळे अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे, म्हणजे ए.ए.चे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे शेअर बाजारात काम केलेले बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून ते उभे राहिले. दारूपासून मुक्त राहण्यासाठी सदस्यांनी एकेक करून घ्यायच्या त्याच्या बारा पायऱ्या १९३९ साली छापल्या गेल्या; गटांचा कारभार सांगणाऱ्या बारा परंपरा १९५० साली स्वीकारल्या गेल्या. पायऱ्यांमधली ईश्वराची भाषा ज्यांना पटत नाही, त्यांना १९९४ पासून चालणाऱ्या स्मार्ट रिकव्हरीच्या मीटिंगा जवळच्या वाटतात. तिथे विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर भर असतो.

मीटिंग शोधण्याआधी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर व ताप असलेली जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. आधी कधी असे झाले असेल, किंवा सकाळी हात थरथरल्याशिवाय दिवस सुरू होत नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. मीटिंग त्याच्या जोडीला असते, त्याच्याऐवजी नाही.

पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावर, हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मिळतो. याद्या बऱ्याचदा जुन्या असतात. जागा बहुधा शाळेची, प्रार्थनास्थळाची किंवा सभागृहाची मागची खोली असते, बाहेर पाटीही नसते. बंद दारापाशी पोहोचून परत फिरलेला माणूस पुन्हा येईलच असे नाही. म्हणून त्याच दिवशी फोन करून वेळ, मजला आणि कोणत्या दाराने आत यायचे हे विचारावे. मीटिंग खुली की बंद, हेही तेव्हाच कळते. खुल्या मीटिंगला नातेवाइकांसह कोणीही बसू शकते. बंद मीटिंग फक्त दारू सोडण्याची इच्छा असलेल्यांसाठी असते. ए.ए.च्या सदस्यत्वाची तेवढी एकच अट आहे. बाहेर पडणे जमत नसेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत. तिथे कॅमेरा बंद ठेवला तरी सहसा चालते.

मीटिंग साधारण एक ते दीड तास चालते. सुरुवातीला काही वाचन होते, मग कोणी पहिल्यांदा आले आहे का असे विचारतात. हात वर करण्याची सक्ती नसते. बोलायची पाळी आली तर फक्त पहिले नाव सांगून ‘आज मी ऐकतो’ किंवा ‘ऐकते’ म्हणणे पुरते. एक जण बोलत असताना मध्ये प्रश्न विचारणे किंवा सल्ला देणे बहुतेक गटांत चालत नाही, आणि नवख्याला हाच मोठा दिलासा वाटतो. फी नसते; खर्चासाठी पेटी फिरते, तीत नव्याने आलेल्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. प्रार्थना म्हणायची नसेल तर गप्प उभे राहावे. पिऊन आलेल्यालाही सहसा हाकलत नाहीत, मात्र बोलू नये अशी विनंती करतात.

खरे काम बरेचदा मीटिंगच्या आधी आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत होते. तेव्हा फोन नंबर मिळतात, आणि रात्री तल्लफ आली की तेच कामी येतात. शेवटचे वाक्य संपताच निघून जाणारा महिनोन्महिने येऊनही एकटाच राहतो. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. उपचारादरम्यान ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून दिलेल्या रुग्णांत दारूपासून पूर्ण दूर राहण्याचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा जास्त आढळले. म्हणूनच नुसता पत्ता हातात देण्यापेक्षा पहिल्या दिवशी कोणीतरी सोबत जाणे कितीतरी चांगले.

एका मीटिंगवरून निकाल लावू नये. प्रत्येक गट स्वायत्त असतो आणि त्यांच्या वातावरणात जमीन-अस्मानाचा फरक असतो. निदान पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहावे. ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा’ ही जुनी प्रथा आहे, नियम नव्हे. पायऱ्यांवर काम करताना साथ देणाऱ्या अनुभवी सदस्याला स्पॉन्सर म्हणतात. तो बराच काळ सोबर, म्हणजे दारूपासून दूर असावा, आणि प्रेमसंबंधाची गुंतागुंत टाळण्यासाठी सहसा पुरुष पुरुषाला आणि स्त्री स्त्रीला निवडते. स्पॉन्सर म्हणजे समुपदेशक किंवा सावकार नव्हे. त्याने मानसोपचाराची औषधे बंद करायला सांगितली तर ऐकू नये, ए.ए.चे स्वतःचे साहित्यही सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असेच सांगते. नवख्यांशी लगट करणारे किंवा पैसे मागणारे काही गटांत आढळतात. अशा वेळी गटातल्या जुन्या, विश्वासू सदस्याला सांगावे आणि गट बदलावा. खोलीतली गुप्तता परस्पर विश्वासावर टिकते, तिला वकिलाशी झालेल्या बोलण्यासारखे कायद्याचे संरक्षण असेलच असे नाही. गुन्ह्याचे तपशील तिथे बोलू नयेत.

पुन्हा पिणे झाले तर सोबर दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते, सदस्यत्व जात नाही. पुढची मीटिंग टाळण्याचा मोह तेव्हा सर्वांत जास्त असतो, म्हणून आधी फोन करून येतोय असे कळवावे. पिणाऱ्याने येण्यास नकार दिला तरी घरच्यांना थांबून राहण्याची गरज नाही: १९५१ साली स्थापन झालेल्या अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा त्यांच्यासाठीच असतात, आणि तिथे ते एकटे जाऊ शकतात.