पाण्यात उभं राहून तोल शिकताना

खानापूरकडं चिखलात वाकून भाताची रोपं लावण्यात, निपाणीत तासन्‌तास मांडी घालून विड्या वळण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या बायकांचे गुडघे उतारवयात बोलायला लागतात. चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू ओसरतात. त्यात एखादे दिवशी न्हाणीत पाय घसरला, की पडण्याची धास्ती मनात बसते आणि माणूस आणखीच कमी चालतं. अशा वेळी पाण्यातला व्यायाम फार उपयोगी पडतो. आपल्याकडं तो अजून फारसा कुणी सुचवत नाही, याची खंत वाटते.

कमरेइतक्या पाण्यात पायांवर अंगाचं साधारण निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे 60 किलोच्या आज्जीच्या पायांना वीसेक किलोच पेलायचे.

पण खरा फायदा त्याहून मोठा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. जमिनीवर तोल गेला की सावरायला क्षणभरही मिळत नाही. पाण्यात तोच तोल सावकाश ढळतो. तेवढ्यात मेंदूला कळतं, घोटा आणि कंबर सावरतात, पाऊल पुढं पडतं. तोल जाऊ द्यायचा आणि सावरायचा, असा सराव हाड मोडायच्या भीतीशिवाय करता येतो. जमिनीवर हे आज्जीकडून करून घ्यायला कोण धजेल?

सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट तलावाच्या काठाचा दांडा धरून आडवी पावलं टाकायला लावतात. मग दांडा सोडायचा, टाचेला चवडा लावत चालायचं, एका पायावर थांबायचं. ते जमलं की थेरपिस्ट शेजारी उभं राहून तळहातांनी पाणी ढवळतात. अंग डगमगतं, हात आपसूक पसरतात, पायाची बोटं तळाची फरशी धरू बघतात. अशा सरावाला हॅलिविक पद्धतीचा मोठा आधार आहे. जेम्स मॅकमिलन यांनी ती 1949 पासून लंडनमध्ये दिव्यांग मुलांना पोहायला शिकवताना घडवली.

गुडघे आणि खुब्याच्या झिजेवर पाण्यातला व्यायाम किती उपयोगी पडतो, हे तपासणाऱ्या 13 चाचण्यांचा आढावा वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेनं 2016 मध्ये घेतला. वेदना थोडी कमी होते आणि हालचाल थोडी सुधारते, पण निदान काही काळापुरती, असं त्यात दिसलं. म्हणून जमिनीवरचं चालणं सोडायचं नाही. पक्षाघात आणि पार्किन्सनच्या रुग्णांनाही हा व्यायाम देतात.

लहानपणी विहिरीत पोहलेल्यांना वाटेल, आपली विहीर काय वाईट? किंवा मलप्रभेचा डोह? तिथं तळ सपाट नसतो, शेवाळ असतं, आणि थंड पाण्यात स्नायू आखडतात. उपचाराचं पाणी 33 ते 35 अंश सेल्सिअस, कोमट लागतं. उघडी जखम, आटोक्यात नसलेली फिट किंवा हृदयाचा गंभीर विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये.

बाहेर येताना जास्त जपावं. पाण्याचा दाब सुटला की रक्त पायांकडं उतरतं, चक्कर येऊ शकते, आणि सगळं वजन एकदम परत आल्यानं पाय जड लागतात. त्यात काठची फरशी ओली. घरच्या कुणीतरी हात द्यावा, आणि दोन-चार मिनिटं खुर्चीत बसून मगच चालावं.