अटॅकनंतरच्या व्हीटीसाठी ॲब्लेशन: महात्मा फुले योजनेत कसं करून घ्यायचं

अटॅक येऊन गेला की हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो आणि कधीकधी काही वर्षांनीसुद्धा त्या व्रणाभोवती करंट गोल गोल फिरायला लागतो, मग ठोके एकदम दीडशे-दोनशेवर, माणूस चक्कर येऊन पडतो नाहीतर छातीतल्या आयसीडीचे (ठोके बिघडले की शॉक देणारं, छातीत बसवलेलं छोटं यंत्र) शॉकवर शॉक बसतात. ही व्हीटी, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर आत नेऊन ती जागा शोधून जाळतात, ते ॲब्लेशन. आयसीडी असेल तर ते काही काढत नाहीत हां, ते राहतंच.

आता पैशाचं. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, आणि पिवळं-केशरीच नाही, पांढरं रेशन कार्डवालेपण बसतात.

पण आधी हॉस्पिटल बघा. योजनेत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अँजिओप्लास्टी होते म्हणून ॲब्लेशन होईलच असं नाही, त्याला ईपी लॅब (हृदयातला करंट तपासायची खास खोली) आणि ते काम करणारा डॉक्टर लागतो, व्हीटीला तर थ्रीडी मॅपिंगपण, म्हणजे हृदयातल्या करंटचा कॉम्प्युटरवर नकाशा काढणं. १५५३८८ वर फोन करून जवळचं हॉस्पिटल विचारा, मग तिथल्या डॉक्टरांनाच विचारा की व्हीटीचं करता का.

तिथे गेलात की आरोग्यमित्राचं (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) टेबल शोधा, अर्ज असा वेगळा भरावा लागत नाही, तोच नोंद करतो आणि हॉस्पिटल मंजुरीला पाठवतं. रेशन कार्ड, आधार (नाव दोन्हीकडे सारखं हवं, आमच्या मामांचं एका मात्रेवरून अडलं होतं), जुन्या अटॅकचं डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफी, टूडी इको, आयसीडी असेल तर त्याचा चेकिंग रिपोर्ट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हीटी चालू असतानाची ईसीजी पट्टी. नंतर ठोके नॉर्मल झाल्यावरच्या ईसीजीत ती व्हीटी दिसत नाही. तो कागद थर्मल असतो, काही महिन्यांत पुसट होतो, त्यामुळे त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या, आणि प्लीज लॅमिनेशन करू नका, गरम मशीनमधून पट्टी अख्खी काळी होऊन बाहेर येते.

इमर्जन्सी असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागून देता येतात.

योजनेत बसलंच नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. तिथे तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो, मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार, शिवाय हॉस्पिटलचं खर्चाचं एस्टिमेट आणि पेशंट ॲडमिट असल्याचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. हे सगळं ॲडमिट असतानाच पाठवा.