आर्थर गूल्ड

गूल्ड, आर्थर जोसेफ : (१० ऑक्टोबर १८६४ – २ जानेवारी १९१९). वेल्समधील न्यूपोर्टचा रग्बीपटू आणि वेल्श रग्बीचा पहिला लोकनायक. १८८५ ते १८९७ या काळात तो वेल्सकडून २७ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्यांपैकी १८ सामन्यांत कर्णधार होता. कर्णधारपदाचा हा विक्रम १९९४ मध्ये युआन एव्हान्सने मोडला, म्हणजे तो जवळजवळ शंभर वर्षे टिकला. तरीही गूल्डचे नाव रग्बीच्या इतिहासात कायमचे राहिले ते एका घरामुळे. चाहत्यांनी शिलिंग-शिलिंग गोळा करून ते घर त्याला भेट दिले आणि त्यावरून वेल्स व बाकीचे ब्रिटिश रग्बीविश्व यांच्यात वर्षभर उभा दावा राहिला.

न्यूपोर्ट हे अस्क नदीवरचे बंदर. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतला कोळसा आणि लोखंड तिथून जहाजांवर चढत असे. हे शहर ज्या मॉनमथशर परगण्यात होते तो वेल्सचा की इंग्लंडचा, याबद्दल कायद्याच्या भाषेत तेव्हा घोळ होता. रग्बीपुरता मात्र न्यूपोर्ट पुरता वेल्श होता. आर्थरचे वडील जोसेफ गूल्ड ऑक्सफर्डहून इथे आले आणि त्यांनी पितळी ओतकामाचा कारखाना काढला. त्यांना खेळांची मनापासून आवड होती आणि ती मुलांमध्ये उतरली. त्यांचे सहा मुलगे न्यूपोर्ट क्लबकडून रग्बी खेळले. त्यांतील आर्थर, बॉब आणि बर्ट हे तिघे वेल्सच्या संघात पोहोचले, तर वायट हा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत धावला. लहानपणी झाडांवर सरसर चढणाऱ्या आर्थरला घरच्यांनी ‘मंकी’ म्हणायला सुरुवात केली. पुढे हे टोपणनाव साऱ्या देशाच्या तोंडी बसले.

क्लबच्या पहिल्या संघात तो आला तोही योगायोगाने. १८८२ मध्ये नेहमीचा फुलबॅक (सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू) सामन्याला आलाच नाही, म्हणून अठरा वर्षांच्या आर्थरला उभे केले गेले. फुलबॅकने चेंडू हाती येताच तो लांब लाथाडून संकट टाळायचे, हा तेव्हाचा शिरस्ता. कर्णधार चार्ली न्यूमन ‘किक, किक’ असे ओरडत राहिला आणि हा पोरगा चेंडू छातीशी धरून धावत सुटला. त्या दिवशी त्याने दोन ट्राय केले. (प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय.) त्यानंतर त्याला संघाबाहेर ठेवण्याचा विचार कोणी केला नाही.

वेल्सकडून तो पहिल्यांदा जानेवारी १८८५ मध्ये स्वान्सी येथे इंग्लंडविरुद्ध खेळला. त्या वर्षीचे दोन सामने तो फुलबॅक होता, उरलेले पंचवीस सामने सेंटर, म्हणजे मागच्या फळीच्या मध्यभागी धावणारा खेळाडू, म्हणून खेळला. त्याचा धावण्याचा वेग शर्यतीत घोटवलेला होता, कारण उन्हाळ्यात तो अडथळ्यांच्या शर्यतींत भाग घेई. दोन्ही पायांनी तो सारख्याच सफाईने किक मारायचा. त्यामुळे त्याला अडवायला येणाऱ्याला तो उजवीकडे झुकणार की डावीकडे, की धावताधावताच चेंडू उडवणार, हे शेवटपर्यंत कळत नसे.

याच वर्षांत वेल्समध्ये खेळाची मांडणीच बदलत होती. त्या काळी फॉरवर्डांच्या (पुढे झुंडीने चेंडूसाठी झगडणाऱ्या खेळाडूंच्या) मागे तीन थ्रीक्वार्टर (चेंडू घेऊन धावणारे मागच्या फळीतले खेळाडू) ठेवण्याची पद्धत होती. कार्डिफ क्लबने फ्रँक हॅनकॉक या खेळाडूला संघात जागा देण्याच्या निमित्ताने चौथा थ्रीक्वार्टर आणला, म्हणजे झुंडीतला एक माणूस कमी करून मोकळ्या मैदानात पास देत धावणारा एक माणूस वाढवला. १८८६ मध्ये हॅनकॉकच्या नेतृत्वाखाली वेल्सने स्कॉटलंडविरुद्ध हा प्रयोग केला. त्या चौघांत गूल्ड होता. प्रयोग फसला, सामना चालू असतानाच जुनी मांडणी परत आणावी लागली आणि वेल्स हरले. गूल्डचा या पद्धतीवर सुरुवातीला विश्वास नव्हता, आणि तीच पद्धत पुढे त्याच्या हातात सर्वांत जास्त फुलली. आज जगभर रग्बीत चार थ्रीक्वार्टर असतात, त्याचे मूळ दक्षिण वेल्समधल्या या खटपटीत आहे.

व्यवसायाने तो आणि भाऊ बॉब सार्वजनिक बांधकामांच्या कंत्राटी कामात होते, त्यामुळे त्यांची भटकंती चाले. कामासाठी इंग्लंडमध्ये असताना तो रिचमंड आणि लंडन वेल्श या क्लबांकडूनही खेळला. वेस्ट इंडीजमधील एका कामामुळे १८९१ च्या आंतरराष्ट्रीय हंगामाला त्याला मुकावे लागले. परतल्यावर तो १८९१-९२ मध्ये न्यूपोर्टच्या त्या गाजलेल्या संघात होता, ज्याला संपूर्ण हंगामात कोणीही हरवू शकले नाही.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस ७ जानेवारी १८९३. कार्डिफच्या आर्म्स पार्कवर इंग्लंडशी सामना होता आणि कडाक्याच्या थंडीने मैदान दगडासारखे गोठले होते. सामना रद्द होऊ नये म्हणून मैदानभर कोळशाच्या शेकडो शेगड्या मांडून रात्रभर पेटत्या ठेवल्या गेल्या. सकाळी बर्फ वितळले होते, पण जागोजागी राख आणि काळे चट्टे उरले होते आणि जमीन घसरडी झाली होती. अशा मैदानावर इंग्लंडने मध्यंतरापर्यंत ७–० आणि त्यानंतर लगेच ९–० अशी आघाडी घेतली. इंग्लंडचा कर्णधार होता अँड्र्यू स्टॉडर्ट. पुढे १८९४-९५ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅशेस मालिका जिंकणारा क्रिकेट कर्णधार म्हणून तो आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना माहीत असतो.

मग इंग्लंडचे जड फॉरवर्ड दमले आणि वेल्सच्या मागच्या फळीला जागा मिळू लागली. गूल्ड अर्ध्या मैदानावरून बचाव भेदत गेला आणि त्याने ट्राय केला. वेल्सच्या बिली बँक्रॉफ्टने त्याचे गोलात रूपांतर केले, म्हणजे ट्रायनंतरची किक खांबांच्या मधून मारून जादा गुण मिळवले. पाठोपाठ नॉर्मन बिग्जचा ट्राय झाला. इंग्लंडने आणखी एक ट्राय करून आघाडी ११–७ वर नेली, तर गूल्डने आपल्या दुसऱ्या ट्रायने ती ११–९ वर आणली. सामना संपत आला असताना वेल्सला पेनल्टी (प्रतिस्पर्ध्यांच्या नियमभंगाबद्दल मिळणारी किक) मिळाली, तीही अवघड कोनातून. चेंडू जमिनीवर ठेवून किक मार, असे गूल्डने बँक्रॉफ्टला सांगितले. गोठलेल्या जमिनीवर ते जमणार नाही, असे बँक्रॉफ्टचे मत होते. मैदानात सर्वांसमोर दोघांची थोडी वादावादी झाली आणि कर्णधाराचे न ऐकता बँक्रॉफ्टने ड्रॉप किक, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीवर टप्पा घेताच मारायची किक, मारली. चेंडू खांबांच्या मधून गेला. वेल्स १२, इंग्लंड ११. अठराव्या वर्षी ज्याने स्वतः कर्णधाराचे ऐकले नव्हते, त्याला या वेळी आपले न ऐकणाऱ्याने जिंकून दिले. लोकांनी गूल्डला खांद्यावर घेऊन समोरच्या एंजल हॉटेलात नेले.

त्या हंगामात एडिंबरोला स्कॉटलंडवर ९–० आणि लानेल्लीला आयर्लंडवर २–० असे विजय मिळाले. आयर्लंडविरुद्धचा एकमेव ट्राय आर्थरचा भाऊ बर्ट याचा होता. वेल्सने पहिल्यांदाच ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच हंगामात ब्रिटिश बेटांतील बाकी तिन्ही राष्ट्रांवर विजय, मिळवला.

१८९६ पर्यंत गूल्ड ब्रिटनमधला सर्वांत लोकप्रिय रग्बीपटू झाला होता. न्यूपोर्टमधल्या चाहत्यांनी त्याच्यासाठी सन्मान निधी काढला. आदल्याच वर्षी क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्यासाठी एका वृत्तपत्राने शिलिंग निधी उघडला होता, त्याचा नमुना समोर होता. गूल्डसाठीही एका माणसाने एकच शिलिंग द्यायचा असे ठरले आणि वेल्श फुटबॉल युनियनने (वेल्समधील रग्बीच्या नियामक संस्थेने) स्वतःहून एक हजार शिलिंग देऊ केले.

पण वेळ नाजूक होती. ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या रग्बी क्लबांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेतून फुटून हडर्सफील्ड येथे वेगळी चूल मांडली होती. कारण होते खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याचा प्रश्न. त्यामुळे हौशीपणाचे नियम राखणारे सारे कावले होते. गूल्डला पैसे दिले तर तो व्यावसायिक ठरतो, असा आक्षेप रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने घेतला. वेल्श युनियनने दबून आपली वर्गणी मागे घेतली, तेव्हा साऱ्या वेल्समध्ये संताप उसळला. हौशी क्रिकेटपटू म्हणवणाऱ्या ग्रेस यांना नऊ हजार पौंडांहून अधिक मिळाले तेव्हा कोणी बोलले नव्हते. इथे मात्र सहाशे पौंडांच्या आसपासची रक्कम सलत होती. हा भेदभाव होता आणि वेल्श लोकांचा राग रास्त होता. अखेर १८९७ च्या फेब्रुवारीत युनियनने मंडळातून अंग काढून घेतले.

त्याआधी, ९ जानेवारी १८९७ रोजी, गूल्ड आपला शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना घरच्या रॉडनी परेड मैदानावर खेळला. वेल्सने इंग्लंडला ११–० ने हरवले. स्कॉटलंड आणि आयर्लंडचे सामने त्या हंगामात झालेच नाहीत. ईस्टरच्या सोमवारी न्यूपोर्टच्या ड्रिल हॉलमध्ये मेजवानी झाली आणि युनियनचे अध्यक्ष सर जॉन लुएलिन यांनी ‘थॉर्नबरी’ या घराचे कागद गूल्डच्या हाती दिले. १८९८ च्या फेब्रुवारीत वेल्स मंडळात परतले, ते गूल्ड पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळणार नाही या अटीवर. तो आधीच निवृत्त झाला होता, त्यामुळे अट मान्य करणे युनियनला जड गेले नाही. घर गूल्डकडेच राहिले.

पुढे तो एका मद्यनिर्मिती कंपनीचा प्रतिनिधी म्हणून काम करी. २ जानेवारी १९१९ रोजी कामावर असतानाच अंतर्गत रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. न्यूपोर्टच्या सेंट वूलोस दफनभूमीत त्याला पुरले, आणि त्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी वेल्समध्ये क्वचितच पाहिली गेली होती.