मोठा कुत्रा घ्यायचाय? आधी त्याचं म्हातारपण डोळ्यासमोर आणा

घरात मोठा कुत्रा आणायचा विषय निघाला की सगळे आधी जागेबद्दल विचारतात, फ्लॅटमध्ये कसं जमणार, अंगण आहे का वगैरे. मला वाटतं पहिला प्रश्न वेगळाच आहे. वेळ आली तर त्याला उचलणार कोण?

आमचा ग्रेट डेन आठव्या वर्षी मागच्या पायांनी अधू झाला, वजन 58 किलो. त्याला शू-शीला बाहेर न्यायचं म्हणजे पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे, मोठा टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं वर धरून मागचा भार मी पेलायचा आणि बायकोने पुढे पट्टा धरायचा. पायऱ्या तीनच, पण फरशीवर त्याची नखं घसरायची तो आवाज ऐकून पोटात कालवायचं. म्हणून सांगतो, घ्यायच्या आधी घरातल्या दोघांनी मिळून 50 किलोचं पोतं चार पायऱ्या चढवून बघा खरंच.

आणि हे म्हातारपण लवकर येतं. एरवी हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो, कुत्र्यांत मात्र उलटं आहे. छोट्या जाती 13-14 वर्षं सहज काढतात, ग्रेट डेन साधारण 7 ते 10. 2013 च्या एका अभ्यासात 74 जाती तपासल्या होत्या, त्यात दिसलं की दर 2 किलो जादा वजनामागे आयुष्य साधारण महिनाभराने कमी होतं, कारण मोठ्या कुत्र्यांचं शरीर झिजतंच भराभर. आकार ठरवण्यात आयजीएफ-1 नावाच्या वाढीच्या हार्मोनचा मोठा वाटा आहे, आणि झपाट्याने वाढण्याची किंमत पुढे मोजावी लागते असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. हाडांचा कॅन्सर आणि खुब्याच्या सांध्याचा त्रास मोठ्या जातींत जास्त दिसतो तो उगाच नाही.

पिल्लू असताना आपण प्रेमापोटी जी चूक करतो ती म्हणजे कॅल्शियमचं औषध. हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते, तिथून हाड लांबीला वाढतं, आणि मोठ्या जातींत ती बंद व्हायला दीड वर्षही लागतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, त्यातलं बरंचसं आत जातं आणि हाडं वेडीवाकडी वाढू शकतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं वेगळं फूड मिळतं तेच द्या, आणि गुबगुबीत करू नका.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. पोट फुगलंय, कुत्रा ओकारी काढतोय पण बाहेर काहीच पडत नाही, अस्वस्थपणे फिरतोय, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त होतं आणि काही तासांत जीव जातो. सकाळपर्यंत थांबू नका, रात्री दोन वाजता सुद्धा उचला आणि न्या (बघा, परत उचलणं आलंच). नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून घेता येतं, डॉक्टरांना जरूर विचारा.

खाण्याचं गणित वाटतं तेवढं वाईट नाही. 60 किलोच्या कुत्र्याला 5 किलोवाल्याच्या बारा पट लागत नाही, साधारण साडेसहा पट ऊर्जा लागते. औषधाचा डोस मात्र बहुतेक वेळा वजनावर ठरतो.

जागेचं म्हणाल तर डेन दिवसभर सोफ्यावर पसरून असतो, उलट त्याच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा बॉर्डर कॉली घर डोक्यावर घेईल. अर्थात स्वभाव जातीवरून ओळखायला जाऊ नका, 2022 मध्ये 18,000 हून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे निघाला. घरात रांगतं बाळ किंवा काठी टेकत चालणारे आजोबा असतील तर मोठं झालेलं कुत्रं दत्तक घ्यायचा विचार आधी करा. किती वाढणार, पट्टा किती ओढतो, शेपटी कुठवर पोचते, हे सगळं त्याच्याबरोबर अर्धा तास फिरलात की तुम्हाला तिथेच कळतं.